कंबर आधी, हात नंतर

“मॅडम, तुमची कंबर उशिरा येते.”

जळगावच्या मैदानावर, सकाळी सव्वासातला, हातात बेसबॉलची बॅट धरलेल्या मुलीला एका परक्या मुलानं हे ऐकवावं... याला धाडस म्हणायचं की मूर्खपणा, मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी वळले. डिसेंबरची थंडी, गवतावर दव, आणि जाळीला टेकून तो उभा. गळ्यात कॅमेरा, कानांवर मफलर. चेहरा इतका निरागस, जणू त्यानं मला किती वाजले तेवढंच सांगितलं होतं.

“काय म्हणालात?”

“कंबर... उशिरा येते. हात आधी निघून जातात, कंबर मागून येते.”

“आणि तुम्ही माझी कंबर कशाला बघताय?”

आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. “नाही नाही... मी बघत नव्हतो... म्हणजे, बघत होतो... पण तशी नाही... ओ माय वं, काय बोली राह्यनू मी!”

हा मुलगा घाबरला की याची अहिराणी बाहेर पडते, हे मला पहिल्या दोन मिनिटांतच कळलं. मी बॅट खांद्यापर्यंत उचललीसुद्धा होती. तेवढ्यात पलीकडून आमच्या कोच ज्योत्स्ना मॅडम ओरडल्या, “सारिका, बॅट खाली! मीच बोलावलंय त्याला.”

तर प्रकरण असं होतं. हा मूळचा पारोळ्याचा. लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्याकडचा कॅमेरा एका सेकंदाचे दहा सेकंद करून दाखवतो. मॅडमनी त्याला आमच्या मुलींची बॅटिंग टिपायला बोलावलं होतं, आणि कुणाला काही सांगायला साफ विसरल्या होत्या.

“नाव काय तुमचं?” मी अजून घुश्शातच होते.

“प्रेमराज.”

“...खरंच?”

“आजीनं ठेवलं. मी तेव्हा बारा दिवसांचा होतो, हरकत घ्यायची सोय नव्हती.”

मला हसू आलं. ते दाबत मी म्हटलं, “दाखवा, काय टिपलंय ते.”

त्यानं जॅकेटचा आडोसा करून कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढे धरला, आणि मला सकाळचा दुसरा धक्का बसला. मी स्वतःला वाघीण समजत होते. पडद्यावर दिसत होती एक उतावळी मुलगी! पुढचा पाय जमिनीला टेकतोय न टेकतोय तोच तिचे हात चेंडूवर झडप घालत होते, आणि कंबर अजून मागेच रेंगाळत होती. बेसबॉलमध्ये जोर जमिनीतून वर येतो. आधी पाय, मग कंबर वळते, आणि सगळ्यात शेवटी हात बॅट घेऊन येतात. हातांनी घाई केली की कंबरेचा जोर वाया गेला. तीन वर्षं माझा प्रत्येक चेंडू असा पायाशी लोळत का जातो, याचं उत्तर त्या वीतभर पडद्यावर होतं.

“चार फ्रेम,” तो हळूच म्हणाला. “सेकंदाचा साठावा भाग. तुमचे हात तेवढी घाई करतात.”

“करणारच. आमच्या घरात सगळेच घाईत असतात.”

“मग कंबर कोणावर गेलीय?”

मी बॅट परत उचलली.

“गेलो मी,” तो म्हणाला, आणि खरंच गेला.

* * *

माझ्यासाठी ही नुसती खेळाची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजचं माझं शेवटचं वर्ष. जानेवारीत धुळ्याला राज्य संघाची निवड चाचणी होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिवाळीतच निकाल देऊन टाकला होता, “औंदा निवड व्हयनी ते खेळ, नही व्हयनी ते बॅट माळावर.” आबा एका वाक्यात बोलतात आणि ते वाक्य बदलत नाही. म्हणजे धुळ्याच्या चाचणीत मिळणारे पाच चेंडू... आणि त्यावर माझं सगळं.

प्रेमराज दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागला. पारोळ्याहून जळगाव, तेही सकाळी सातला! मी विचारलं तर म्हणाला, लग्नाचे अल्बम पोचवायचे असतात. महिन्यातून एकदाच पोचवायचे असतात, हे मला फार नंतर कळलं.

संध्याकाळी मोबाइलवर त्याची क्लिप यायची. माझ्या कंबरेभोवती लाल गोल, हातांवर पिवळा बाण, आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘आज साडेतीन फ्रेम. अभिनंदन.’ दुसऱ्या वेळी, ‘परत चार. कुणावर चिडला होतात?’

“तुम्हाला नवरीला सांगतो तसं सांगू का?” एकदा त्यानं विचारलं.

“नवरीला काय सांगता?”

“आधी मान वळवा. मग डोळे वर करा. दोन्ही एकदम केलं की फोटो बिघडतो.”

“आणि नवरी ऐकते?”

“नवरी ऐकते. नवरदेव ऐकत नाही.”

“मी कुणाचंच ऐकत नाही.”

“ते दिसलं,” तो म्हणाला. “चार फ्रेम आधीच दिसलं.”

गंमत म्हणजे तो कॅमेऱ्यातून बघत असला की मला काहीच वाटायचं नाही. पण कधी कधी तो कॅमेऱ्यावरून डोळा काढायचा, मफलर नीट करायचा आणि नुसताच बघायचा... आणि माझा चेंडू हमखास चुकायचा. खरं सांगते, मला तो आवडायला लागला होता. घरी कुणाला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. एक परका मुलगा आपल्या मुलीचे व्हिडिओ काढतो, हे आमच्या धरणगावात कुणाच्या तोंडून आबांच्या कानावर गेलं असतं, तर बॅट माळ्यावर जायला जानेवारीचीही गरज नव्हती.

आणि एवढं सगळं करून हात काही थांबत नव्हते.

* * *

चाचणीच्या आठ दिवस आधी माझ्या चुलत बहिणीचं, रोशनीचं, लग्न. धरणगावातच, दुपारचा मुहूर्त. मी काठापदराची साडी नेसून मंडपात शिरले आणि जागीच थबकले. स्टेजसमोर ओळखीचा मफलर!

“तुम्ही इथे?”

“ऑर्डर शे,” तो म्हणाला. घाबरला होता.

“आपण एकमेकांना ओळखत नाही. कळलं?”

“तुम्ही कोण?” त्यानं लगेच विचारलं. हुशार होता तसा.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. वरण-बट्टीवर तुपाची धार पडली आणि स्टेजशेजारच्या भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर रोशनी आणि तिच्या नवऱ्याचा व्हिडिओ सुरू झाला. पारोळ्याच्या किल्ल्यावर दोघं हळूहळू पळतायत, ओढणी हळूहळू उडतेय, मागे सनईचं गोड संगीत. बाया कौतुकानं बघत होत्या. ओढणी उडून गेली... आणि पडद्यावर मी आले.

मी! बारा फुटांची. बॅट घेऊन. कंबरेभोवती बैलगाडीच्या चाकाएवढा लाल गोल.

आणि त्या सनईवर प्रेमराजचा आवाज, “हे बघा... पाय टेकला... आता कंबर यायला पाहिजे... कंबर... कंबर अजून आली नाही...”

पाचशे माणसांच्या हातातली बट्टी हातातच राहिली. वाढप्याच्या पळीतून वरण सांडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

नंतर त्यानं सांगितलं ते असं. रोशनीचा व्हिडिओ आणि माझी क्लिप तो कॉम्प्युटरवर एकाच पट्टीवर जोडून ठेवायचा, कारण दोन्हींचा वेग सारखाच मंद करावा लागायचा. लग्नाच्या घाईत माझा तुकडा कापायचाच राहिला. एवढी साधी चूक. पण तेव्हा मला हे कुठं ठाऊक होतं? पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी अनुभवलं.

“वं माय वं!” झुंबर आत्या उभीच राहिली. आबांची थोरली बहीण ती, तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. “हाई आपली सारिका शे ना? हाऊ पोऱ्या काय दखाडी राह्यना बठ्ठा लोकस्ले!”

प्रेमराज धावला, घाबरून कुठलंतरी बटण दाबलं... आणि माझी क्लिप पहिल्यापासून परत सुरू झाली. “हे बघा... पाय टेकला...”

आबा पंगतीतून उठले.

माझे आबा पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती ट्रकमध्ये भरतात. त्यांचा हात खांद्यावर पडला तर माणूस खाली बसतो. ते सावकाश चालत गेले आणि तोच हात त्यांनी प्रेमराजच्या खांद्यावर ठेवला. प्रेमराजनं डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात बॅट माळ्यावर ठेवली, आणि बॅटच्या शेजारी त्यालाही.

“मांगे ले,” आबा म्हणाले.

“...आं?”

“मांगे ले. फिरी लाव.”

क्लिप पुन्हा लागली. आबा कंबरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून बघत होते. तिसऱ्यांदा बघून झालं तेव्हा त्यांनी मान हलवली.

“हात पहिले जाई राह्यनात इना.”

“हां, आबा... चार फ्रेम...”

“फ्रेम-बिम माले समजस नही. हात पहिले जाई राह्यनात.” मग ते माझ्याकडे वळले. “सारिका, इकडे ये.”

मी कशी गेले ते मला आठवत नाही. मंडपाच्या मागे आचाऱ्यांची भट्टी होती, तिथे कांद्याची पोती रचून ठेवली होती. आबांनी एका पोत्याची दोन टोकं धरली आणि दुसरी दोन मला धरायला लावली.

“फेक.”

मी पदर खोचला आणि हातांनी जोर लावला. खांद्यातून कळ आली. पोतं वीतभर हललं असेल.

“आते हातस्ले मरू दे. नुसतं धरी ठेव. कंबर फिराव.”

मी हात सैल सोडले. पाय रोवला, कंबर वळवली... आणि पोतं आपोआप उचललं गेलं! असं सुटलं की आचारी झारा टाकून बाजूला पळाला. मी स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी काही केलंच नव्हतं.

“पोतं काय हात फेकतस का?” आबा म्हणाले. “पोतं कंबर फेकस. हात नुसतं धरतस, अन शेवटले सोडतस.”

आबांचा डबा घेऊन मी शंभरदा जिनिंगच्या फाटकापर्यंत गेले असेन. पण ते आत काम कसं करतात, हे एकदाही थांबून बघितलं नव्हतं. महिनाभर मी जे शिकायला धडपडत होते ते माझ्या घरात रोज संध्याकाळी हातपाय धुऊन जेवायला बसत होतं.

आबांनी मागे बघितलं. प्रेमराज मंडपाच्या खांबाला धरून उभा होता.

“अन तू. तूच काढस का इना व्हिडिओ?”

“हां, आबा. मॅडमनी सांगेल शे. बठ्ठ्या पोरीस्ना काढस मी.”

“धुळ्याले मन्हं येणं व्हवाव नही, ट्रक लागेल शेतस. तू जाशी. इनी कंबर पहिले फिरनी का नही, ते माले दखानं शे. व्हिडिओ लई येजो. नही लयना ते...”

व्हिडिओ आणला नाही तर काय, हे आबांनी सांगितलं नाही. कांद्याच्या पोत्याकडे एकदा बघितलं फक्त.

“लयसू, आबा,” प्रेमराज म्हणाला. “लयसूच.”

* * *

धुळ्याचं मैदान. कोवळं ऊन, धुळीचा वास, तीन खुर्च्यांवर निवड समितीचे तीन सर. प्रत्येकीला पाच चेंडू. समोर पिचर म्हणून एक उंच, किडकिडीत मुलगी होती, तिच्या हातातून चेंडू सुटलेला दिसायचाच नाही.

पहिला चेंडू पायाशी लोळला. दुसरा हुकला. तिसरा बाजूला उडाला. चौथा परत लोळला, आणि मधल्या खुर्चीतल्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी जाळीकडे बघितलं. प्रेमराजचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला होता. त्यानं कॅमेऱ्यामागून फक्त एक बोट वर केलं. एक उरलाय.

आणि एकदम मला कांद्याचं पोतं आठवलं. हातस्ले मरू दे.

चेंडू सुटला. पाय टेकला. हात म्हणाले, चल... आणि मी त्यांना म्हटलं, थांबा. सेकंदाचा साठावा भाग इतका लांब असतो, हे मला माहीतच नव्हतं! तेवढ्यात कंबर वळली, पूर्ण, पिचरच्या समोर. आणि मग हात आले, सगळ्यात शेवटी, सावकाश. आवाज असा झाला की कबुतरं उडाली. तळहाताला साधी झिणझिणीसुद्धा आली नाही. चेंडू पोरींच्या डोक्यावरून गेला, भिंतीवरून गेला, पलीकडच्या लिंबाच्या झाडात शिरला, आणि खाली पडलेला मला दिसलाच नाही.

मधल्या सरांचं पेन हवेत थांबलं होतं. मी पळायचंही विसरले. “धाव गं!” म्हणून ज्योत्स्ना मॅडम किंचाळल्या तेव्हा धावले.

दुपारी यादी वाचली. सातवं नाव माझं.

मी तडक जाळीपाशी गेले. “दाखव! दाखव ना लवकर!” त्याला ‘अरेतुरे’ करतेय हेही माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानं कॅमेरा छातीशी धरला. चेहरा पांढराफटक.

“नाहीये.”

“काय नाहीये?”

“व्हिडिओ. पहिले चार आहेत. पाचव्याला... बटणच दाबलं नाही.”

“बॅटरी संपली?”

“नाही.”

“कार्ड भरलं?”

“नाही.”

“मग?”

“आबांना सांगतो मी. त्यांनाच सांगतो.”

लग्नात अक्षतेचा दाणान् दाणा टिपणारा माणूस! आणि माझ्या आयुष्यातला एकच चेंडू... मला रडू यावं की त्याला बॅटनं बडवावं, कळेना. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले, तो पार मागे. मधे मॅडम उगाचच गालात हसत होत्या.

पारोळा आलं. त्याचं गाव. गाडी थांबली. मी मागे न बघता वाट बघत होते... तो उतरला नाही. गाडी तशीच धरणगावकडे निघाली.

* * *

अंगणात झुंबर आत्या कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती. शेजारच्या चुलीवर तिची भाकरी. आबा खाटेवर बसले होते, अंगावर जिनिंगचा कापूस अजून तसाच.

“आबा, निवड झाली!”

आबांचे डोळे चमकले. ते पटकन दुसरीकडे बघायला लागले, मग घसा साफ केला आणि प्रेमराजपुढे हात केला. “दखाड.”

“नही शे, आबा.”

“काय नही शे?”

“व्हिडिओ. पाचवा चेंडू भितडाना पल्याड गया. आख्खं मैदान दखत व्हतं. पण मी... बटनच नही दाबं.”

आबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“मंग तू काय दखत व्हता? हात, का कंबर?”

प्रेमराजनं मफलर काढून हातात घेतला. त्याची पिळवटून दोरी केली.

“तोंड,” तो म्हणाला. “तिन्हं तोंड दखत व्हतू, आबा. पाय टेकना अन ती हासनी. चेंडू लागाना पहिलेच हासनी... मी दखतच राह्यनू. बटन याद नही राह्यनं.”

मी हसले होते? मला ठाऊकच नव्हतं. मला तेवढं एकच समजलं की महिनाभर लाल गोल आणि पिवळे बाण काढणाऱ्या या मुलानं, आबांसमोर, झुंबर आत्यासमोर, इतकं सरळ सांगून टाकलं होतं.

आबा उठले. ओसरीच्या कोपऱ्यातलं मुसळ त्यांनी उचललं आणि प्रेमराजच्या हातात दिलं.

“व्हिडिओ नही, ते मंग करी दखाड. कशी मारी इनी?”

तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला. पाय फाकवले, मुसळ खांद्यावर घेतलं, तोंड अगदी गंभीर केलं. पाय टेकला... आणि दोन्ही हात भर्रकन पुढे गेले! कंबर जागच्या जागी. मुसळाच्या जोरानं तो स्वतःभोवती गरगर फिरला आणि वांग्यांच्या शेजारी जाऊन बसला.

आत्या पदर तोंडात कोंबून हसायला लागली. आबांच्या मिशा हलल्या.

आणि मी म्हणाले. आबांसमोर. मोठ्यानं.

“प्रेमराज, तुझी कंबर उशिरा येते.”

आत्याचं हसू थांबलं. तिच्या हातातली भाकरी हातात, तव्यावरची तव्यावर. घरातून डोकावणारी आई दारातच थिजली. आता तोंडून गेलेला शब्द मलाही परत घेता येणार नव्हता, आणि मला तो घ्यायचाही नव्हता.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग खाटेवर बसले.

“मंग शिकाड त्याले,” ते म्हणाले, आणि आईकडे बघून, “एक ताट वाढाव.”

प्रेमराज अजून धुळीतच बसला होता, मांडीवर मुसळ घेऊन. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला होता.

“किती फ्रेम?” त्यानं हळूच विचारलं.

“चाळीस,” मी म्हटलं. “फार दिवस यावं लागेल तुला.”